खोड सांगितल्याशिवाय हात सोडू नये

बैल विकताना त्याची खोड सांगावी लागते. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण आमच्या पांढरकवड्याकडच्या बैलबाजारात तो मोडणाऱ्या दलालाकडे पुन्हा कोणी फिरकत नसे. माझे वडील दलाल होते. सौदा रुमालाखाली व्हायचा. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जायचा आणि बोटं दाबून आकडा सांगितला जायचा. भोवती गर्दी करून उभ्या असलेल्यांना काही कळत नसे. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पूर्ण पंजा म्हणजे पाच. हात झटकला तर सौदा तुटला. बोट न दाबता नुसता हात धरून ठेवला, तर त्याचा अर्थ, थांबा, मी विचार करतो आहे. या थांबण्याला बाजारात मान होता. कोणी घाई केली तर वडील त्याच्यावर खेकसत, "तुले गाडी पकडाची हाय काय बे? हात धरला हाय ना त्यानं?"

भाव ठरला की हात सोडण्याआधी विकणाऱ्यानं खोड सांगायची. डाव्या अंगानं जवळ जाऊ नका, लाथ मारते. बादलीतलं पाणी पीत नाही, ओढ्यावर न्यावं लागते. बैल चांगला की वाईट हा प्रश्नच नाही, खोड सगळ्यांना असते. ती नव्या मालकाला ठाऊक असली की जनावर मार खात नाही.

मी जन्मभर मास्तरकी केली. माणसाचं लेकरू एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातं तेव्हा कोणी कोणाला खोड सांगत नाही. दाखला देतात. त्यावर जन्मतारीख असते, जात असते आणि 'वर्तणूक चांगली' असा शेरा असतो. एवढ्यावर बैलसुद्धा कोणी घेतला नसता.

या अंकाच्या संपादकांनी मला फोन करून काहीतरी प्रेरणादायी मागितलं. तो माल माझ्याकडे नाही. जो आहे तो मांडतो. घासाघीस करणार नाही, जन्मभर खूप केली.

मी कासरे धरता धरता डी.एड. झालो. नोकरीसाठी कोणाची चिठ्ठी नेली नाही, बदलीसाठी कोणाच्या दारात बसलो नाही. तोंड मात्र आवरता आलं नाही. आदर्श शिक्षकाच्या पुरस्कारासाठी माझं नाव कधी पुढे गेलं नाही, ते या तोंडामुळे. माझ्यामागून आलेल्यांच्या गळ्यात हार पडले. त्यांतल्या दोघांना मी स्वतः पाठ कसा घ्यायचा ते शिकवलं होतं. असो. ते लिहायला बसलो तर मंजूचं राहून जाईल, आणि मला मंजूचंच लिहायचं आहे.

पांढरकवड्यापासून आत, जंगलाच्या कडेला एका पोडावर माझी शाळा होती. कोलाम आदिवासींच्या वस्तीला पोड म्हणतात. मंजुळा मारोती टेकाम तिथे पहिलीत आली. घरात कोलामी, पुस्तकात मराठी आणि मास्तराच्या तोंडात वऱ्हाडी. पहिलीतली पोरं मुकी बसायची. बाहेरून कोणी आलं की म्हणे, ही पोरं मठ्ठ आहेत. मठ्ठ नव्हती. रानात कोणती वाट कुठे निघते हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. प्रश्न मराठीत आला की मात्र मान खाली.

मंजू सगळ्यांत मुकी. चित्रं दाखवली, गाणी म्हटली, चिंचोके मांडले. चिंचोके ती बरोबर मांडायची, पण किती झाले विचारलं की पायाचा अंगठा जमिनीवर घासायची. मी ओरडलो की आणखी घासायची. एक दिवस वैतागून मी गळ्यातला दुपट्टा काढला, तिच्या हातावर टाकला, खाली माझा हात घातला आणि म्हणालो, "बोलू नको. दाब."

तीन आणि चार किती, हे मी तोंडानं विचारलं. तिनं माझा हात नुसता धरून ठेवला. मी बाजारात वाढलेलो, म्हणून थांबलो. दुसरा मास्तर असता तर हात काढून घेतला असता. बऱ्याच वेळानं पूर्ण पंजा दाबला गेला आणि मग दोन बोटं. सात.

त्या दिवशी मला तिची खोड कळली. प्रश्न मराठीतून घ्यायचा, कोलामीत न्यायचा, तिथे सोडवायचा आणि उत्तर पुन्हा मराठीत आणायचं. दोन ओढे ओलांडून जायचं आणि तेच ओलांडून परत यायचं. आम्ही मास्तर लोक प्रश्न विचारून किती थांबतो? पापणी लवते तेवढं. ती अजून पहिल्या ओढ्यात असायची, तोवर आम्ही पुढच्या पोराला उठवायचो.

मग सगळा वर्ग बाजाराच्या नियमांनी दुपट्ट्याखाली सौदे करू लागला. काही महिन्यांत पोरं दाबता दाबता बोलायला लागली आणि दुपट्टा हळूहळू लागेनासा झाला. मंजूही बोलू लागली. फक्त तिला वेळ लागायचा. तेवढा दिला की उत्तर कधी चुकायचं नाही.

ती तिसरीत असताना एक साहेब तपासणीला आले. शाळेतल्या प्रत्येक पोराला प्रगत किंवा अप्रगत ठरवायचं होतं. साहेबांना पुढे आणखी शाळा तपासायच्या होत्या. त्यांनी मंजूला उभं केलं.

"छत्तीस आणि सत्तावीस किती?"

मंजू गप्प.

"अप्रगत," साहेब म्हणाले.

"साहेब, थांबा. ती उत्तर आणून राह्यली."

"कुठून आणते? दुकानातून?"

बरोबरचे दोघं हसले. मी चिडलो, पण त्या वेळी गिळलं. दुपट्टा काढला आणि म्हणालो, "साहेब, हात द्या इकडं. ती बोटानं सांगते."

काय चाललं आहे हे कळायच्या आधीच मी त्यांचा हात दुपट्ट्याखाली नेला. मंजूनं हात पुढे केला आणि त्यांची बोटं धरली. साहेबांनी हात झटकून काढून घेतला. "हा काय प्रकार आहे? ही शाळा आहे की बैलबाजार?"

हात झटकण्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. मंजूला ठाऊक होता. ती खाली बसली. मग मी त्यांना जे बोललो ते या अंकात छापण्यासारखं नाही. महिन्याभरात मला कारणे दाखवा नोटीस आली, की विद्यार्थ्यांना जनावरांप्रमाणे वागणूक का दिली. त्या नोटिशीचं मला काही वाटलं नाही. मंजू शाळेत येईना, ते लागलं.

मी तिच्या घरी गेलो. तिचा बाप मारोती अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं.

"पोट्टी काहून येत नाही, मारोती?"

"थे म्हंते सायबानं हात झटकला. सौदा तुटला. मंग कायले पाठवू, गुरुजी?"

"त्यानं झटकला. म्या झटकला काय?"

मारोती कामट्या सोलत राहिला. मग म्हणाला, "तुमी तिले आता कोनाच्या हातात देसान?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. चौथीनंतर माझी शाळा संपत होती. मी म्हणालो, "ज्याच्या हातात दीन त्याले खोड सांगून दीन. सांगितल्याबिगर हात सोडनार नाही. बाजारातला शब्द हाय."

"बाजारातला हाय तं ठीक हाय," तो म्हणाला. सरकारी शब्दावर त्यानं पोरगी पाठवली नसती. दुसऱ्या दिवशी मंजू शाळेत आली.

चौथीनंतर तिला आश्रमशाळेत घातलं. मी बरोबर गेलो. तिथल्या मुख्याध्यापकांसमोर खुर्ची ओढून बसलो आणि खोड सांगितली. प्रश्न विचारल्यावर थांबा. मान खाली घातली म्हणजे येत नाही असं समजू नका. चारचौघांत हसू नका.

मुख्याध्यापक थकलेले होते. म्हणाले, "मास्तर, माझ्याकडं एवढी पोरं आहेत, शिट्टीवर उठवतो आणि शिट्टीवर झोपवतो. एकीसाठी थांबू?"

"तुमच्याकडं गणिताला मानूस नाही, असं ऐकलं."

"नाही. दोन वर्षं झाली."

"शनिवारी माझी सकाळची शाळा असते. दुपारून येतो. तुमच्या वरच्या वर्गांचं गणित घेतो. तुमी तिच्यासाठी थांबा."

सौदा झाला. शनिवारी दुपारी मी सायकल मारत जायचो, पुढे मोटारसायकल आली. त्यांच्या शिक्षकांनी शब्द पाळला की नाही, हे मी मंजूच्या तोंडावर वाचायचो. बहुतेक वेळा पाळला. दहावी ती नीट पास झाली.

अकरावीला पांढरकवड्याला आली. तिथे शिकवणं म्हणजे नोट्स लिहून देणं. पोरगं बोलतं की मुकं आहे हे कोणाला कळायचंच कारण नव्हतं. एका प्राध्यापकांना मात्र पोरांना उभं करून प्रश्न विचारायची सवय होती. त्यांना भेटलो. चहा पीत त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बघू, गुरुजी." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. त्यांची शेती पोडाच्या रस्त्यावर होती आणि कापूस फुटून पडला होता.

"वेचनीले बाया भेटल्या काय, सर?"

"कुठं भेटतात आता? सगळ्या तेलंगणाकडच्या गाड्यांत बसून जातात."

"पोडावर माझा शब्द चालते. तुमी वर्गात वेळ द्या, बायांचं मी पाहतो."

त्या हंगामात त्यांच्या शेतात वेचायला ज्या बाया गेल्या, त्यांत मंजूची आईही होती. मजुरी चालू दरानं मिळाली, त्यात लबाडी नव्हती. पण आपल्या पोरीच्या उत्तरासाठी कोणी दोन श्वास थांबावं म्हणून ती बाई कुणाचं तरी रान वेचते आहे, हे मला रस्त्यावरून जाताना दिसायचं. मी मान वळवून पुढे जायचो. दुसरं देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

याच काळात आम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं. सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवत होते. एका पाटीवर लिहिलेलं होतं, 'प्रश्न विचारल्यानंतर विद्यार्थ्याला विचार करण्यास वेळ द्यावा.' सांगणारे साहेब तेच, ज्यांनी हात झटकला होता. आता ते वरच्या जागेवर होते. मी उभा राहिलो आणि विचारलं, "साहेब, किती वेळ?" ते मला ओळखून गडबडले. मी म्हणालो, "सावकाश सांगा. मी थांबतो." सभागृह हसलं. माझ्या नावावर आणखी एक फुली पडली. त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आज वाटत नाही, कारण त्या टोमण्यानं मंजूला काही मिळालं नाही.

बी.ए. झाल्यावर तिला शिक्षिका व्हायचं होतं. विद्यापीठाच्या शिक्षण विभागात बी.एड.ला नंबर लागला. पोडावरून विद्यापीठात गेलेली ती पहिलीच. मी धोतर-टोपीतल्या माझ्या बापासारखा तयार होऊन बसलो, की आता जायचं आणि खोड सांगून यायची. मंजू घरी आली, माझ्या बायकोच्या पाया पडली, माझ्या पडली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी आता येऊ नका."

"काहून?"

ती थांबली. मीही थांबलो, माझं कामच ते.

"तिथं कोनाचेच गुरुजी येत नाहीत," ती म्हणाली. "मलेच काहून?"

बरोबर होतं तिचं. बावीस वर्षांच्या मुलीला कोणी कासरा धरून नेत नाही. मी गेलो नाही.

तिथे तिचं चांगलं चाललं होतं. लेखी परीक्षेत वरच्या नंबरात होती. सराव पाठ घेताना वर्गातली मुलं तिच्यावर जीव टाकायची, कारण ती थांबायची. शेवटी तोंडी परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आले होते, रांग मोठी होती, त्यांची परतीची गाडी होती. तिचा नंबर जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर आला.

काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं, आमच्या घरी, भिंतीला टेकून, पायाचा अंगठा फरशीवर घासत. "प्रश्न सोपा होता, गुरुजी. वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षकानं काय करावं, असं विचारलं त्याईनं."

"मग?"

"मले येत होतं. थांबावं. कोनासाठी किती थांबावं, थे पन सांगाचं होतं. मी मनात नीट लावून राह्यली होती. त्याईनं फाईल बंद केली. म्हने, बेसिक पन येत नाही. नेक्स्ट."

माझी बायको चुलीपाशी होती. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात. विभागप्रमुखांची खोली थंड होती, काचेच्या टेबलावर एकही कागद नव्हता. माणूस सभ्य. पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मी खोड सांगितली, उशिरा का होईना. पुन्हा बसवा म्हणालो. फळ्यावर लिहायला द्या, तोंडी सोडून कसंही विचारा. ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "गुरुजी, गुण वर गेले. आता नियमात बसत नाही. पुढची परीक्षा द्या म्हणावं."

मी त्यांच्याकडे पाहत बसलो. जन्मभर समोरच्याला काय हवं आहे हे ओळखून सौदे केले. कोणाला गणिताचा माणूस हवा होता, कोणाला वेचणीला बाया. या माणसाला माझ्याकडून काहीच नको होतं. रुमालाखाली घालायला माझा हातच रिकामा. मग मी ओरडलो. किती ओरडलो आठवत नाही. शिपायानं खांद्याला धरून बाहेर आणलं आणि जिन्यात म्हणाला, "बाबा, बीपी वाढते, बसा जरा."

पुढच्या परीक्षेला मंजू बसली नाही. मी म्हणालो, मारोतीनं म्हटलं, माझ्या बायकोनं समजावलं. ती हो म्हणायची आणि जायची नाही. पुढे लग्न झालं, पोडावरच. नवरा ट्रकवर असतो, हैदराबादच्या रस्त्याला. चांगला आहे. मंजू घर, शेळ्या आणि वेचणीचे दिवस सांभाळते. मी निवृत्त झालो. पोडावरची शाळा पट कमी म्हणून बंद झाली आणि पोरं सडकेवरच्या गावात जाऊ लागली.

या जूनमध्ये मंजू माझ्याकडे आली. बरोबर तिची लेक, पहिलीत जायची.

"गुरुजी, नवीन बाईले खोड सांगाची हाय. संगं येता काय?"

"मी सांगू?"

"मी सांगीन. तुमी नुसते उभे राहा."

आम्ही गेलो. बाई तरुण होत्या, स्वभावानं वाईट वाटल्या नाहीत. व्हरांड्यात उभ्या राहून मोबाइलवर काहीतरी भरत होत्या. वरून माहिती मागवली होती आणि ती तेव्हाच हवी होती. "बोला ना ताई," त्या मान न वर करता म्हणाल्या. मंजूनं लेकीला पुढे केलं. तोंड उघडलं. मिटलं. मला तिच्या कपाळावरची शीर दिसत होती. दोन्ही ओढे ती ओलांडत होती. मी जीभ दाताखाली धरली. घंटा झाली. बाई म्हणाल्या, "नंतर बोलू हं ताई, प्रार्थना झाली की हजेरी लागते," आणि मुलीला घेऊन प्रार्थनेच्या रांगेकडे गेल्या.

अंगणातली प्रार्थना झाली, पोरं बाईंमागून वर्गात गेली, व्हरांडा रिकामा झाला. मग मंजू बोलली. वर्गाच्या दाराकडे तोंड करून, स्वच्छ मराठीत, एकही शब्द न अडखळता. "बाई, माझी मुलगी उशिरा उत्तर देते. तिला येत नाही असं नाही. तिच्यासाठी थोडं थांबा. आणि मुलांना हसू देऊ नका." सगळं सांगितलं. ऐकायला मी एकटा होतो.

आत हजेरी सुरू झाली. एकेक नाव, आणि मागोमाग 'हजर बाई', 'हजर बाई'. मग मंजूच्या लेकीचं नाव आलं. आवाज नाही. बाईंनी पुढचं नाव घेतलं. त्यापुढचं घेतलं. तेव्हा कुठे एक बारीक आवाज आला, "हजर." वर्ग खदखदून हसला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दाराकडे निघालो. त्या क्षणी मंजूनं माझा हात धरला आणि त्यावर आपला पदर टाकला. एकही बोट दाबलं नाही. हात झटकला नाही, सोडलाही नाही. नुसता धरून ठेवला.

माझ्या बापाच्या बाजारात याचा अर्थ एकच होता. मी थांबलो.